शहाणी गाडी आणि मांजरसुंब्याचा घाट

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की मांजरसुंब्याला येऊन मिळणारे सगळे रस्ते पायी चालणाऱ्या माणसांनी भरून जातात. श्रीक्षेत्र कपिलधार इथे संत मन्मथस्वामींची समाधी आहे आणि या पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. लातूर, नांदेड, परभणीकडून, कर्नाटक-तेलंगणातूनही दिंड्या येतात. खांद्यावर पताका, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरू अशी माणसे पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालत असतात. नेमके याच सुमारास आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघालेले असतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉलीत अख्खा संसार भरलेला: भांडी, पाण्याच्या टाक्या, कोयते, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरेबाळे. त्यात एसटी आली, वडाप आले आणि सोलापूर-धुळे महामार्गावरचे मोठाले कंटेनरही आले. बीडला रेल्वे आली तीच २०२५ च्या सप्टेंबरात. तोवर या जिल्ह्याचे सगळे सुखदुःख डांबरावरूनच गेले आणि अजूनही बहुतेक तिथूनच जाते.

या गर्दीतून आता मोटारी जातात त्या काचा वर केलेल्या. आत थंड हवा, मंद गाणे, समोर पाटीएवढा पडदा. मी गेली पस्तीस-एक वर्षे बीड ते मांजरसुंबा आणि तिथून कपिलधारचा फाटा असा प्रवास करीत आलो आहे. या काळात दुपदरी रस्त्याचा चौपदरी झाला, २११ क्रमांकाचा महामार्ग ५२ क्रमांकाचा झाला. मात्र रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस होता तसाच आहे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो तो नसतोच. ओळखू येणार नाही इतकी बदलली आहे ती गाडी. या बदलाने गाडी चालवणाऱ्याचे नेमके काय झाले, आणि त्याचा त्या कडेने चालणाऱ्या माणसाशी काय संबंध, याचा विचार आपण फारसा करीत नाही. गाडी घेताना तर मुळीच नाही.

घाट शिकवत असे

पूर्वीची गाडी चालवणे म्हणजे काय होते, हे आजच्या तरुण वाचकांना थोडे सांगायला हवे. थंडीत सकाळी चोक ओढून इंजिन सुरू करायचे. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असे. तो नवख्याच्या हाती लवकर येत नसे. स्टिअरिंग इतके जड की उभ्या गाडीचे चाक वळवताना खांदे भरून येत. पालीच्या बिंदुसरा तलावाच्या पुढे चढण सुरू झाली की काटा बघायचा: तापमान किती, पाणी पुरेल का. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि गाडी भर चढावर गप्प बसे. मग फडके भिजवून पंपावर ठेवायचे आणि झाडाखाली वाट बघायची. त्यामुळे डिकीत पाण्याचा कॅन आणि चाकामागे लावायला दगड हा सरंजाम ठरलेला असे. चढावर थांबून पुन्हा निघायचे तर हँडब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर यांचा मेळ घालावा लागे, नाही तर गाडी मागच्या ट्रकच्या अंगावर जायची.

उतरताना आणखी एक धडा असे. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक. मोठ्या उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी पाय खाली जातो तरी गाडी थांबत नाही. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे इंजिनच तिला मागे ओढून धरते. हे कोणी पुस्तकातून शिकत नसे. घाटच शिकवत असे.

मोटारीच्या जन्मापासूनची ही गोष्ट आहे. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याने तयार केलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घालून, मॅनहाइम ते फोर्झाइम असा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास केला. मोटारीचा जगातला हा पहिला लांबचा प्रवास. त्यात चढ आला तेव्हा पोरांना उतरून गाडी ढकलावी लागली. उतारावर ब्रेक झिजला तेव्हा बाईंनी वाटेतल्या चांभाराकडून त्याला चामडे ठोकून घेतले. घरी परतल्यावर गाडीला चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा, हे त्यांनीच सुचवले. गाडीची सुधारणा तिथून आजतागायत अशीच होत आली: आधी घाटात अडचण येते, मग कारखान्यात तिच्यावर उपाय निघतो.

म्हणून जुन्या गाड्यांसाठी उसासे टाकण्यात मला रस नाही. त्या गाड्या माणसाला सावध ठेवत, हे खरे. पण ते त्यांचे मोठेपण नव्हे, दुबळेपण होते. भिजलेले फडके पंपावर ठेवून बसलेल्या कुटुंबाला विचारा, त्यात कसली मौज होती ती!

मिळाले ते थोडे नाही

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते एका ग्राहकाला दिली गेली आणि हलकी, सहज वळणारी गाडी मध्यमवर्गाच्या स्वप्नात आली. पुढे कार्ब्युरेटर गेला, पेट्रोल मोजून मारणारी संगणकी यंत्रणा आली. मग पॉवर स्टिअरिंग सर्रास झाले. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून चालकासाठी एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारा इशारा, वेग वाढल्यास वाजणारा इशारा आणि मागे घेताना अडथळा सांगणारी यंत्रणाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची इंजिने आली आणि धूर खूपच कमी झाला.

यातले एबीएस नेमके काय करते ते समजून घेण्यासारखे आहे. जोरात ब्रेक दाबला की चाक जागीच आवळले जाते आणि गाडी घसरत राहते. घसरणाऱ्या गाडीला स्टिअरिंग ऐकू येत नाही. एबीएस आवळलेला ब्रेक एका सेकंदात अनेकदा सोडते आणि पुन्हा धरते. त्यामुळे चाक फिरते राहते आणि समोरच्या माणसाला चुकवून गाडी वळवता येते. पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा बघायला रविवारी जी झुंबड उडते, तिच्यात ओल्या उतारावर या यंत्रणेने कितीतरी संसार वाचवले असतील.

आणि दुसरा लाभ घरातल्या बायकांना विचारावा. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा सेल्फ-स्टार्टर बसला, हँडल मारण्याची दंडेली संपली आणि गाडी चालवणाऱ्या बायकांची वाट मोकळी झाली. हलके स्टिअरिंग आणि क्लचविना चालणारी ऑटोमॅटिक गाडी यांनी आपल्याकडे तेच केले. आपल्या देशात २०१४ पासून स्वस्त मोटारींनाही आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा मिळू लागली. आमच्या सूनबाई अशा गाडीतून सासूला घेऊन एकट्या कपिलधारला जाऊन येतात. चढावर गाडी दोन क्षण आपणहून थोपवून धरणारी यंत्रणा आहे, त्यामुळे मागच्या ट्रकची धास्ती नाही. गुडघे कुरकुरू लागलेल्या माझ्यासारख्यालाही क्लच नसणे म्हणजे वरदानच.

वाचलेला जीव कुठे खर्चला?

मग तक्रार कशाची? तक्रार गाडीविषयी नाहीच. गाडीने जे श्रम वाचवले त्यांचे आपण काय केले, याविषयी आहे.

जर्मनीतल्या म्युनिक शहरात १९८० च्या दशकात टॅक्सींवर एक प्रयोग झाला. काही टॅक्सींना एबीएस बसवले, काहींना नाही. एबीएसच्या टॅक्सींचे अपघात कमी होतील अशी अपेक्षा होती. ते झाले नाहीत. ब्रेक चांगला आहे हे कळल्यावर चालक जास्त धसमुसळेपणाने चालवू लागले होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता माणसाने वेगात खर्च करून टाकली. मांजरसुंब्याच्या घाटात हा प्रयोग रोज नव्याने पाहायला मिळतो. पूर्वी चाळीसच्या वेगाने गाडी थरथरायची, दरवाजे वाजायचे, इंजिन ओरडायचे. वेग अंगाला कळत असे. आता ऐंशीलाही गाडीत चहाचा कप हिंदकळत नाही. पण रस्त्याचे गणित बदललेले नाही: वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. आतल्या शांततेत हे गणित ऐकू येत नाही, एवढेच.

त्यात आता पडदा आला. पूर्वी पंख्याचे बटण, दिव्याची कळ, रेडिओची खुंटी कुठे आहे हे बोटांना ठाऊक असे. नजर रस्त्यावर, हात आपले काम करतोय. आता कित्येक गाड्यांत थंडी कमी करायलाही पडद्यावर बोट नेमके टेकवावे लागते आणि बोट कुठे टेकले हे बघावे लागते. ताशी ऐंशी किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिले तर चव्वेचाळीस मीटर रस्ता न बघताच मागे पडला. तेवढ्या अंतरात एक अख्खी दिंडी मावते. गाड्यांच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या युरोपातल्या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा महत्त्वाच्या गोष्टींसाठी हाताला लागतील अशी खरी बटणे असण्यावर गुण ठेवले आहेत. आपल्याकडे मात्र पडदा जेवढा मोठा तेवढी गाडी भारी, हे समीकरण अजून पक्के आहे.

मध्यंतरी मुलाबरोबर एका शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या तरुणाने अर्धा तास पडदा, छपराची काच आणि रंगीबेरंगी दिवे दाखवले. मी विचारले, "घाट उतरताना ही गाडी कशात ठेवायची?" तो हसून म्हणाला, "काका, डीमध्ये ठेवायची आणि बसायचं. बाकी गाडी बघते."

बाकी गाडी बघते, या समजुतीचीच मला भीती वाटते. ऑटोमॅटिक गाडी डीमध्ये ठेवून उतारावर सोडली तर बऱ्याचदा ती वरचा गिअर घेते, मग सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणूनच बहुतेक गाड्यांत खालचा गिअर हाताने धरून ठेवण्याची सोय दिलेली असते. एम, एल किंवा एस अशी अक्षरे त्यासाठीच आहेत. ती कितीजण वापरतात? विजेच्या गाडीची गंमत आणखी वेगळी. उतारावर तिची मोटार उलट काम करते, गाडीला रोखते आणि बॅटरीत वीज भरते. उतरता उतरता इंधन परत मिळते, ही गोष्ट जुन्या ड्रायव्हरला सांगितली असती तर त्याने वेड्यात काढले असते. पण घाटमाथ्यावरच बॅटरी शंभर टक्के भरून घेतली आणि लगेच उताराला लागलात, तर ती वीज ठेवायला जागाच नसते आणि गाडीचा हा रोध कमी पडतो. घाट उतरायचा दंडक अजूनही तोच आहे, फक्त तो आता पुस्तिकेच्या कुठल्याशा पानावर जाऊन बसला आहे.

कॅमेऱ्याला दिंडी दिसते का?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या मोटारींत 'अ‍ॅडास' नावाची यंत्रणा येऊ लागली. काचेमागे कॅमेरा, पुढच्या जाळीत रडार. पुढच्या गाडीपासून अंतर राखणे, पट्टा सोडला तर स्टिअरिंग हलकेच परत ओढणे, धडक होणार असे वाटले तर स्वतः ब्रेक मारणे ही तिची कामे. रात्रीच्या प्रवासात डुलकी लागलेल्या चालकाला तिने जागे केले तर त्याहून मोठे पुण्य नाही. पण ही यंत्रणा आखीव पट्ट्यांच्या रस्त्यावर जेवढी भरवशाची, तेवढी आपल्या रस्त्यावर नाही. आमच्याकडे पट्टे पुसलेले असतात, दुभाजक फोडून मोटारसायकल उलटी येते, उसाची ट्रॉली मोळ्यांसह दोन्ही बाजूंना फुगलेली असते आणि तिच्या मागे दिवा तर सोडाच, लाल चिंधीही नसते. पहाटेच्या धुक्यात चालणारी दिंडी ही रांग आहे की गर्दी, ती आता थांबेल की पाणी प्यायला रस्ता ओलांडेल, हे माणसालाच कळते, कारण तोही कधीतरी त्या रांगेत चाललेला असतो. गाडी बनवणारेही लिहून देतात की ही यंत्रणा मदतनीस आहे, जबाबदारी चालकाचीच. ते वाक्य बारीक अक्षरात असते. जाहिरातीतला हात सोडून बसलेला चालक मोठ्या चित्रात असतो.

यंत्राचा आणि आपला व्यवहार किती विचित्र आहे पाहा. एकीकडे ते जे करू शकत नाही त्याचा भरवसा आपण त्याच्यावर टाकतो. आणि दुसरीकडे ते जे हमखास करू शकते ते आपण करू देत नाही. सीटचा पट्टा हे त्याचे उदाहरण. पट्टा न लावल्यास गाडी वाजते, म्हणून ते वाजणे बंद करण्यासाठी खोट्या क्लिपा बाजारात आल्या. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढून त्यांची विक्री थांबवावी लागली. पन्नास रुपयांची वस्तू घेऊन आपण लाखोंच्या गाडीचे शहाणपण गप्प करतो!

बीड जिल्ह्याला तर हे वेगळे सांगायला नको. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेले गोपीनाथराव मुंडे मागच्या सीटवर बसले होते. त्या अपघातानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे विनायक मेटे मुंबईकडे जाताना द्रुतगती मार्गावर गेले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले. नामांकित, महागडी गाडी. पुढे बसलेले दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. दर वेळी आठवडाभर हळहळ झाली, आणि त्यानंतर आपल्या घरच्या गाडीत मागे बसणाऱ्या आजीने पट्टा लावावा असे कितीजणांनी म्हटले? "मागे कशाला लागतो?" हे वाक्य अजून घरोघर ऐकू येते. एअरबॅगही पट्टा लावलेल्या माणसासाठीच आखलेली असते, हे आपल्याला कोणी सांगितलेलेच नाही.

शिकायचे कोणी?

जुन्या गाडीने चालकाला धाकात ठेवून शिकवले. नवी गाडी धाक घालत नाही. तेव्हा शिकवण्याचे काम आता दुसऱ्या कोणी तरी घेतले पाहिजे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अजूनही आठचा आकडा काढणे आणि मागे घेणे यातच सगळा अभ्यास संपतो. ऑटोमॅटिक गाडी घाटात कशी उतरवावी, एबीएस थरथरू लागले तर ब्रेकवरचा पाय उचलू नये, अ‍ॅडास कुठे बंद पडते, हे परवान्याच्या परीक्षेत विचारले गेले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशातही भारत एनकॅप ही गाड्यांच्या धडक-चाचणीची व्यवस्था सुरू झाली आहे. गाडीला तारे मिळतात ही चांगली गोष्ट. घेताना ते जरूर बघावेत, पण पंख्याला खरे बटण आहे का तेही बघावे. आणि ऊस कारखान्यांनी हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला मागे चमकणाऱ्या पट्ट्या लावूनच घ्याव्यात. त्याला ना कॅमेरा लागतो ना रडार.

बाकीचे शिक्षण घरातच होईल. बीडहून निघतानाच मागच्या माणसांनीही पट्टे लावायचे. नकाशा, गाणी, थंडी हे काम शेजारी बसलेल्याचे. चालवणाऱ्याने त्या पडद्याला हात लावायचा नाही. मांजरसुंब्याच्या पुढे कपिलधारच्या फाट्याला वळले की गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यायची आणि यात्रेच्या दिवसांत एक काच खाली करायची. बाहेरची हवा आत येईल, धूळही येईल, पण टाळांचा आवाज गाडीच्या कुठल्याही इशाऱ्याआधी कानावर पडेल. तो ऐकला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. तेवढी सवय पोरांना लावली, तर त्यांच्या हाती कोणतीही गाडी द्यायला मी तयार आहे.